गुरं कोणाची होती?

पीएच.डी.च्या प्रपोजलचा पहिला मसुदा मी मॅडमकडे दिला, तेव्हा त्यातलं पहिलं वाक्य असं होतं: ‘विद्यार्थ्यांच्या भिन्न गरजांनुसार वर्गाध्यापनात बदल करण्याची संकल्पना अलीकडच्या काळात पुढे आली आहे.’ मसुदा परत आला तेव्हा ‘अलीकडच्या’ या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि समासात दोनच शब्द: ‘किती अलीकडच्या?’

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेट-सेटची तयारी करत असाल. अध्यापन अभियोग्यतेच्या प्रकरणात ‘वैयक्तिक भिन्नता’, ‘समावेशक शिक्षण’, ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ हे शब्द तुम्ही पाठ करून टाकले असतील. मीही केले होते. त्या प्रकरणांमध्ये या शब्दांना वय नसतं. जणू कुठल्यातरी समितीनं एके दिवशी ते ठरवले आणि आपल्यासमोर चार पर्यायांत मांडले. त्यामुळे ‘अलीकडच्या’ लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. त्या पेन्सिलीच्या गोलामुळे मी कुठे कुठे जाऊन आले, ते आज सांगते. विषय डहाणू तालुक्यातल्या कोसबाडचा आहे, पण सुरुवात पुण्यातून करावी लागेल, १८८२ पासून.

त्या वर्षी हंटर आयोग देशातल्या शिक्षणाची पाहणी करत होता. जोतीराव फुल्यांनी आयोगाला लेखी निवेदन दिलं, तारीख १९ ऑक्टोबर १८८२. हे निवेदन आपल्याला ‘सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी’ म्हणून माहीत असतं आणि ते बरोबरच आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण मूळ निवेदन पूर्ण वाचा (इंग्रजीत आहे, फार मोठं नाही, एका बैठकीत होतं), म्हणजे त्यात आणखी बरंच सापडेल. शेतकऱ्यांची आणि गरिबांची मुलं शाळेत का टिकत नाहीत? जोतीराव सांगतात: गरिबी आहे, आणि गुरं राखायला, शेतावर लक्ष ठेवायला घरात मुलांची गरज असते. मुलं मंद आहेत असा सूर त्यात नाही. मग शाळेत काय असावं, तेही ते सांगतात. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती, आरोग्य. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा थोडे कमी असले तरी चालतील, पण उपयुक्ततेत ती शाळा कमी पडू नये. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणानं मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील. पगार बारा रुपयांच्या खाली नको. मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्यावीत.

आणि अजून एक. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या सरकारी शाळा निघाल्या, पण त्या मोठ्या गावांपुरत्याच. पुण्यात या समाजांची वस्ती पाच हजारांच्या वर, शाळा एक, हजेरी तीसच्या आत. अशा शाळा वाढवा, अशी त्यांची शिफारस आहे.

पहिल्या वाचनात मी या दोन जागी अडले. खेड्यातल्या मुलांना ‘थोडं कमी’, आणि अस्पृश्य मुलांना ‘वेगळी शाळा’? हे फुले म्हणतायत? दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की मी दोन वाक्यं सुटी काढून वाचत होते. गुराख्याच्या पोराला जमेल अशी शाळा करा, असं सांगणारं निवेदनच त्या पोराला बाराव्या वर्षापर्यंत गुरांमागून सोडवा, असंही सांगतं. यातली एक मागणी पुढे नेली आणि दुसरी मागे ठेवली, की अर्थ पार बदलतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. कोसबाडला पोचल्यावर लागणार आहे.

मधली साठ वर्षं भराभर ओलांडू या, कारण त्यात मुख्यतः कायद्याची गोष्ट आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. मूल शाळेत आलं नाही तर पालकाला दंड. गोखल्यांचं १९११ चं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात नामंजूर झालं. मुंबई इलाख्यात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला. या कायद्यांचं मोल मी कमी करत नाही. पण त्यांची रचना बघा: शाळा जिथे आहे तिथे, जशी आहे तशी; मूल आलं नाही तर चूक घरच्यांची. गैरहजेरीचा हिशेब नेहमी एकाच बाजूनं मांडलेला.

हा हिशेब उलटा मांडणारी माणसं कुठून आली, हे शोधताना मला थेट रोमपर्यंत जावं लागलं. म्हणजे पुस्तकातून हो, फेलोशिपमध्ये एवढं बसत नाही.

मारिया माँटेसरी हे नाव आज आपण कशाशी जोडतो? शहरातल्या महागड्या नर्सरीशी, रंगीत पाटीवर इंग्रजीत लिहिलेल्या नावाशी. पण माँटेसरींनी डॉक्टर म्हणून काम सुरू केलं ते रोममधल्या मनोरुग्णालयांत ठेवलेल्या, ‘मतिमंद’ ठरवलेल्या मुलांसोबत. इटार्ड आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी केलेलं काम त्यांनी वाचलं, वापरलं, वाढवलं. ६ जानेवारी १९०७ रोजी सॅन लोरेंझो या रोमच्या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं ‘बालगृह’ उघडलं. आईबाप कामावर गेले की मागे इमारतीत उंडारणारी ही मुलं होती. म्हणजे गट्टे, मनोरा, खरकागदी अक्षरं हे सगळं साहित्य अशा मुलांच्या हाताशी घडलं, ज्यांना तेव्हाची शाळा आपलं मानत नव्हती.

भारतात आल्यावर ते वर चढलं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता स्वतःच शिक्षक झाले. १९२३ च्या सुमारास त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. मुंबईच्या, प्रार्थना समाजातल्या घरात वाढलेल्या, पदवीधर, आणि त्याआधी राजकोटच्या स्त्री-अध्यापक विद्यालयात प्राचार्या असलेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. काम नमुनेदार होतं, पण मुलं कोणाची? भावनगरात आणि दादरमध्येही मुख्यतः शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतली. ऑक्टोबर १९३१ मध्ये गांधीजी लंडनला माँटेसरींच्या प्रशिक्षण केंद्रात गेले होते, तेव्हा त्यांनीही अशीच आशा बोलून दाखवली होती की हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत पोचावं. म्हणजे जी पद्धत गरिबांच्या मुलांसोबत तयार झाली, ती गरिबांपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न पंचवीस वर्षांच्या आत पडला होता! शिक्षणाच्या इतिहासात असे उलटे प्रवास पुष्कळ आहेत. एखादी पद्धत ‘कुठून आली’ हे शोधाल तेव्हा फक्त देशाचं नाव लिहून थांबू नका, ती कुठल्या मुलांच्या हातून आली तेही लिहा.

१९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न, मुंबईत चालती संस्था, नाव झालेलं. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताई पुण्यात हुजूरपागेत शिकवत होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, आणि त्यानंतर शिक्षण. नेहमीच्या वाटेनं शाळा न मिळालेल्या या बाई होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे जे घडलं त्याचं कारण मात्र मी त्यांच्या चरित्रात शोधणार नाही. चरित्रातून सगळं सिद्ध करायचा मोह आवरा, व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येतो.

बोर्डीत बालवाडी निघाली. चांगली खोली, साहित्य, शिकलेल्या बाई. गावातली मुलं आली. दलित वस्तीतली मुलं येईनात. सक्तीच्या कायद्याच्या चालीनं गेलं असतं तर पुढची पायरी ठरलेली होती: पालकांना समजावा, बोलवा, दटावा. इथे दुसरीच गोष्ट झाली. बालवाडी उठून वस्तीत गेली. घरापुढच्या अंगणात मुलं जमवायची, आंघोळी घालायच्या, नखं काढायची, गाणी, गोष्टी, खेळ. मध्यवर्ती बालवाडी एका जागी, आणि तिच्या जोडीला ही अंगणातली बालवाडी, ‘अंगणवाडी’. आज देशभर सरकारी फलकांवर असलेला हा शब्द इथलाच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

अंगणात गट्ट्यांच्या पेट्या रोज वाहून कशा न्यायच्या, आणि तेवढ्या पेट्या घ्यायच्या कशा? मग साहित्य बदललं. शंख-शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, फुलं, काड्या. लहान-मोठं लावायचं, रंगानं निवडायचं, मोजायचं. यात कल्पकता आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट मला अशी दिसते की साहित्याचं काम काय आणि साहित्याचं रूप काय, हे दोन वेगळे प्रश्न त्यांना दिसले. गट्टा लाकडाचा असायलाच हवा असं नाही. मुलानं क्रम लावायला हवा आणि चुकलं तर त्याचं त्याला कळायला हवं. माँटेसरींचं पुस्तक पाठ असलेल्या माणसालाही हे सहज सुचत नाही. कधी कधी पाठ असल्यामुळेच सुचत नाही.

१९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी समुद्राकाठचं, त्या मानानं सुस्थितीतलं गाव. कोसबाड वारली पाड्यांच्या मधोमध. इथे अंगणसुद्धा पुरेना, कारण मुलं दिवसा अंगणातही नसत. थोडी मोठी झालेली मुलं गुरांमागे. मुली धाकट्या भावंडांमागे.

मुलींसाठी जे केलं ते आधी सांगते, कारण त्यात माझा एक हिशेब अडकलेला आहे. ‘विकासवाडी’ नावाच्या रचनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली तर धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, ती स्वतः शाळेत. वाचायला किती साधं वाटतं ना?

पीएच.डी.ला लागण्याआधी दोन वर्षं मी एका प्राथमिक शाळेत कंत्राटी शिक्षिका होते. चौथीचा वर्ग. एक मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस तिच्या दीड वर्षाच्या भावाला घेऊन यायची. वर्गात तान्ही मुलं आणायची नाहीत, असा नियम होता. मी तिला सांगायचे, ‘त्याला घरी ठेवून ये गं.’ ती जायची. त्या दिवशी परत यायची नाही. मी हजेरीपटात लाल शाईनं गैरहजर लिहायचे. वर्षअखेरीला तिच्या नावापुढे शेरा मारला: ‘सतत गैरहजर’. अक्षर माझंच. ती रोज शाळेच्या दारापर्यंत येत होती, हे त्या कागदात कुठेच नाही. उद्या कुणी संशोधक त्या शाळेचे हजेरीपट घेऊन मुलींच्या गळतीवर प्रबंध लिहायला बसला, तर माझा शेरा त्याला ‘प्राथमिक साधन’ म्हणून मिळेल. आणि साधन म्हणून ते खरंच आहे; फक्त ते मुलीबद्दल कमी आणि शाळेबद्दल जास्त सांगतं. विकासवाडीचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. शाळेचा मागचा व्हरांडा रिकामाच असायचा.

आता कुरणशाळा. कल्पना अशी की मूल गुरं सोडून शाळेत येत नसेल तर शिक्षकानं साहित्याची पिशवी घेऊन कुरणात जायचं. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली. शिवाय दिवसभर अजिबातच न सुटणाऱ्यांसाठी रात्रशाळा. कुरणशाळेचं वर्णन बहुतेक ठिकाणी फार काव्यमय येतं: निसर्गाच्या कुशीत शिक्षण, पक्ष्यांचा किलबिलाट वगैरे. तुम्ही तसं लिहू नका. शिक्षक म्हणून विचार करा. गुरू बांध ओलांडून पलीकडच्या पिकात शिरलं की पोराला उठून पळावंच लागणार. म्हणजे धडा कुठल्याही क्षणी तुटणार, आणि प्रत्येकाचा वेगवेगळ्या क्षणी तुटणार. एका सुरात पाढे म्हणवून घेणारी, फळ्याकडे तोंड करून बसवणारी पद्धत इथे पाच मिनिटं टिकणार नाही. टिकेल ती अशी पद्धत, जिच्यात प्रत्येक मूल आपापलं काम आपापल्या गतीनं करतं, अर्धवट सोडून गेलं तरी परत येऊन तिथूनच उचलतं आणि चूक स्वतः ओळखतं. हे तर माँटेसरी पद्धतीचं सूत्रच! माझं म्हणणं असं आहे की ती पद्धत दादरच्या खोलीपेक्षा कोसबाडच्या कुरणात अधिक गरजेची ठरली. खोलीत ती एक चांगली निवड होती, कुरणात दुसरं काही चाललंच नसतं. प्रबंधात हे नीट सिद्ध करायला मला अजून बरंच काम आहे, पण तुमच्यासमोर विचार मांडून ठेवते.

भाषेचा प्रश्न वेगळाच. वारली मुलांच्या घरची बोली मराठीच्या जवळची, गुजरातीचीही छटा असलेली. पण पाठ्यपुस्तकातली मराठी म्हणजे ती नव्हे. ‘जवळची बोली’ ही गोष्ट फसवी असते. भाषा पूर्ण परकी असली तर शिक्षकाला निदान कळतं की मुलाला समजत नाहीये. जवळची असली की मूल गप्प बसतं आणि शिक्षक त्याला मठ्ठ समजतो. आजच्या धोरणांमध्ये आपण ज्याला बहुभाषिक शिक्षण म्हणतो, त्यातलं हे अवघड टोक आहे. तुमच्यापैकी कुणी मराठीच्या बोलींवर आणि प्राथमिक शिक्षणावर काम करणार असेल तर खानदेश, मेळघाट, डहाणू असा कुठलाही पट्टा घ्या, विषय कमी पडणार नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की ही एका यशस्वी प्रयोगाची गोष्ट आहे. मलाही वाटलं होतं. दुसरा मसुदा मी याच उत्साहात लिहिला. काळ, स्थळ, साहित्य, भाषा असे चार रकाने केले आणि प्रत्येकात काय बदललं ते भरलं. (ही युक्ती खरंच कामाची आहे. संस्था चालवणाऱ्यांच्या आठवणी, अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असो की आणखी कोणाचं काही, नुसत्या वाचत गेलो तर आपण भारावून जातो. रकाने आखले की वाचन थांबून थांबून होतं.) मॅडमनी मसुदा परत दिला. या वेळी गोल ‘गुरं’ या शब्दाभोवती होता. समासात तीन शब्द: ‘गुरं कोणाची होती?’

मी चार दिवस काहीच लिहिलं नाही.

ताराबाई ज्या वर्षी बोर्डीला आल्या त्याच वर्षी, मे १९४५ मध्ये, त्याच पट्ट्यात झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. वेठ म्हणजे जमीनदार-सावकाराकडे फुकट किंवा नावापुरत्या मोबदल्यावर राबणं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस जोडप्यानं गुलाम व्हायचा, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हे सगळं आलंय. त्याआधी, १९३० च्या दशकाच्या शेवटी, सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांवर जो अहवाल केला, त्यातही वेठबिगारीची नोंद आहे. ही पुस्तकं, हे अहवाल मला माहीत नव्हते असं नाही. एम.ए.ला वाचले होते. पण ते माझ्या डोक्यात ‘शेतकरी चळवळी’ या कप्प्यात होते, आणि ताराबाई-अनुताई ‘शिक्षण’ या कप्प्यात. ग्रंथालयातही ते दोन वेगळ्या मजल्यांवर आहेत. वर्ष तेच, पट्टा तोच, लोक तेच. आणि मी दोन वर्षं दोन्ही मजल्यांवर जा-ये करत होते.

गुरं घरची असतील तर कुरणशाळा म्हणजे कुटुंबाच्या गरजेशी शाळेनं जुळवून घेणं. गुरं सावकाराची असतील आणि पोरगा बापाच्या कर्जापोटी ती राखत असेल, तर तेच कुरण, तोच शिक्षक, त्याच गारगोट्या, आणि अर्थ वेगळा. मग शाळा कोणाच्या सोयीनं वाकली? १९४५ नंतर लढ्यामुळे वेठ मोडत गेली, १९४८ चा कूळकायदा आला. पण कायदा झाला त्या दिवशी कुरणातलं पोर मोकळं झालं नाही. कुरणशाळा काढणाऱ्यांना हे दिसत नव्हतं, असं मी म्हणत नाहीये. मूल आज सात वर्षांचं आहे, जमिनीचा प्रश्न सुटेपर्यंत ते सतरा वर्षांचं होईल. शिक्षकाला आजचा दिवस सोडता येत नाही. म्हणूनच मला फुल्यांचं निवेदन पुन्हा काढावंसं वाटलं. गुराख्याला जमेल अशी शाळा, आणि बारा वर्षांपर्यंत गुरांपासून सुटका, दोन्ही एकाच कागदावर. कोसबाडमध्ये यातली पहिली अर्धी गोष्ट कमालीच्या कौशल्यानं झाली. दुसरी अर्धी करणं एका शिक्षणसंस्थेच्या हातात होतं का, आणि नव्हतं तर कोणाच्या होतं, हा माझ्या प्रबंधाचा आताचा प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना होऊन संपलेला नाही. १९७९ नंतर देशात अनौपचारिक शिक्षणाची योजना आली आणि १९८६ च्या धोरणानं ती मोठी केली. काम करणाऱ्या मुलांसाठी सोयीच्या वेळी, थोडे तास, गावातलाच शिक्षक. पुण्याच्या आसपासच्या गावांत चित्रा नाईक यांनी संध्याकाळचे वर्ग चालवले, त्यात दिवसभर घरात-शेतात राबणाऱ्या मुली मोठ्या संख्येनं आल्या. काम मनापासूनचं होतं. पण देशपातळीवर टीका हीच झाली की गरिबांसाठी दोन तासांची स्वस्त शाळा उभी राहतेय आणि बालमजुरीला हात लागत नाहीये. २००९ चा शिक्षणहक्क कायदा (१ एप्रिल २०१० पासून लागू) या टीकेच्या बाजूनं झुकला: सहा ते चौदा वयाच्या प्रत्येकाला पूर्णवेळ औपचारिक शाळा, वयानुरूप वर्गात प्रवेश, मागे राहिलेल्यांना विशेष प्रशिक्षण. मग ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं काय? साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, याच ठाणे-पालघर पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळा. प्रत्येक वेळी तोच पेच. शाळा मुलामागे न्यायची, की मूल कामापासून सोडवायचं? तुमच्या प्रपोजलमध्ये ‘विद्यार्थ्यांच्या गरजा’ असे शब्द आले तर एकदा पेन्सिलीनं स्वतःच गोल काढा. ती गरज मुलाची आहे, घरची आहे, की मालकाची?

‘अंगणवाडी’ शब्दाचं पुढे काय झालं तेही सांगायचं राहिलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि शब्द देशभर गेला. त्यातून लाखो मुलांना आहार आणि लसी मिळाल्या, हे काम लहान नाही. पण अंगण मागे राहिलं. आज अंगणवाडी म्हणजे ठरलेली खोली, ठरलेली वेळ, नोंदवह्यांचा ढीग आणि त्या ढिगाखाली दबलेली अंगणवाडीताई. मूल येत नसेल तर वाडीनं उठून जायचं, हा त्या शब्दातला मूळ अर्थ कुठल्या कागदावर, कुठल्या वर्षी गळून पडला, यावर एक स्वतंत्र एम.फिल. झालं असतं. आता एम.फिल. नाही, पण शोधनिबंध नक्की होईल. कोणाला हवा असेल तर घ्या, माझ्याकडून होणार नाही.

साधनांबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे जुनं सगळं ‘ठाणे’ या नावाखाली शोधा. आणि १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, म्हणून काही कागदांसाठी मराठी नकाशाच्या पलीकडेही बघावं लागेल. ताराबाई-गिजुभाईंचं बरंचसं आरंभीचं लेखन तसंही गुजरातीत आहे. मी गुजराती वाचायला तीन महिन्यांत शिकले, लिपी आपल्याला अवघड नाही.

सध्या मी कोसबाडच्या आसपासच्या पाड्यांचे जुने सातबारा आणि फेरफार बघतेय. तलाठी कार्यालयात पहिल्या दिवशी विचारलं गेलं, ‘मॅडम, तुमचा विषय तर शाळा आहे ना, मग जमिनीचे कागद कशाला?’ कुरणशाळेत जी मुलं सात-आठ वर्षांची होती ती आज असतील तर पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना भेटायला जाताना प्रश्नावलीत पहिला प्रश्न शाळेचा ठेवलेला नाही. पहिला प्रश्न गुरांचा आहे.